हरीण इंग्रजीत लिहिताना: ‘डिअर’ कुठे चालतं, कुठे अडतं

मराठीत हरीण हा शब्द ऐसपैस आहे. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या माळावरचं काळवीट हरीण, ताडोबातलं चितळ हरीण आणि बारामतीकडच्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात खुरट्या झुडपांमधून पळणारा चिंकाराही हरीणच. गावाकडे कुणी ‘हरणं आली होती शेतात’ म्हणालं तर पुढचं जिल्ह्यावरून आपण समजून घेतो.

इंग्रजीतला ‘डिअर’ इतका मोकळा नाही. तो फक्त एका कुळातल्या प्राण्यांना लागतो, त्याचं अनेकवचन नेहमीच्या चालीचं नाही, नर-मादी-पिल्लांची नावं प्राण्यागणिक बदलतात आणि मांसासाठी तर वेगळाच शब्द येतो. काळविटाच्या देखण्या फोटोखाली ‘डिअर्स’ लिहिलेलं पाहिलं की एका शब्दात दोन चुका दिसतात. शाळेतला प्रकल्प असो, जंगलातल्या गाइडने पाहुण्यांना द्यायची माहिती असो किंवा मराठी मजकुराचा अनुवाद, पुढच्या क्रमाने गेलात तर बहुतेक अडचणी सुटतील.

पायरी पहिली: शिंगं बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथे चुकलं की पुढचं व्याकरण कितीही शुद्ध असलं तरी प्राणीच चुकतो.

मराठीत चितळाला शिंगं आणि काळविटालाही शिंगंच. इंग्रजीत ही दोन वेगळी अवजारं आहेत. चितळ, सांबर, भेकर यांच्या डोक्यावर असतात ती ‘अँटलर्स’. ती पूर्ण हाडाची असतात, त्यांना सहसा फाटे फुटतात आणि ती गळून पडून पुन्हा उगवतात. उगवत असताना त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मऊ, लवदार कातडी असते. तिला इंग्रजीत ‘व्हेल्व्हेट’ म्हणतात, आणि अशा नराचं वर्णन ‘अ स्टॅग इन व्हेल्व्हेट’ असं करतात. वाढ पूर्ण झाली की ती कातडी सुकते आणि नर झाडाला घासून ती काढून टाकतो. गळालेली शिंगं साळिंदरं कुरतडतात, त्यातलं कॅल्शियम त्यांना हवं असतं. अभयारण्यात असं शिंग पडलेलं दिसलं तरी ते उचलून घरी आणायची परवानगी नाही, हेही पाहुण्यांना सांगायला हवं.

काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांच्या डोक्यावर ‘हॉर्न्स’. आत हाडाचा गाभा, वर आपल्या नखांच्या जातीच्या पदार्थाचं आवरण. ती गळत नाहीत, जन्मभर टिकतात, आणि या चौघांत कुणालाच फाटे नसतात. काळविटाची शिंगं पीळदार असतात, पण पीळ म्हणजे फाटा नव्हे.

तर नियम असा: अँटलरवाला ‘डिअर’, हॉर्नवाला ‘अँटिलोप’. प्राणिशास्त्राच्या हिशोबाने काळवीट हा गाय, शेळी, मेंढी यांच्या कुळातला आहे. चितळापेक्षा शेळी त्याला जवळची, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं खरं.

मादी दिसली तर? आपल्याकडच्या चितळ, सांबर, भेकर यांच्या माद्यांना शिंगं नसतात आणि काळवीट, नीलगाय, चौशिंगा यांच्या माद्यांनाही सहसा नसतात, त्यामुळे तिथे ही कसोटी उपयोगाची नाही. मग अंगावरचे ठिपके, आकार आणि सोबतचा कळप बघायचा. परदेशात आणखी एक अपवाद भेटतो. रेनडिअरच्या माद्यांनाही अँटलर्स येतात.

आणि पिसोरी? कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या दाट झाडीत राहणाऱ्या या इवल्याशा प्राण्याला इंग्रजीत ‘माउस डिअर’ म्हणतात, पण शास्त्रानुसार ती ना डिअर ना अँटिलोप. तिचं कूळच निराळं. नाव मात्र रूढ आहे, तेव्हा तेच वापरा. फक्त डिअरच्या यादीत तिला घुसवू नका. जास्त काटेकोर लिहायचं असेल तर ‘शेव्रोटेन’ हा शब्द आहे.

पायरी दुसरी: शक्य तिथे नेमकं नाव लिहा

‘डिअर’ हा आडनावासारखा शब्द आहे. प्राणी ओळखता येत असेल तर पहिलं नाव द्या.

चितळासाठी इंग्रजीत तीन नावं चालतात: ‘चितळ’, ‘स्पॉटेड डिअर’ आणि ‘ॲक्सिस डिअर’. भारतात पहिली दोन. तिसरं अमेरिकेत भेटेल, कारण 1860च्या दशकात हवाई बेटांवर आणि 1930च्या दशकात टेक्ससमध्ये आपलं चितळ नेऊन सोडलं गेलं आणि तिथे ते चांगलंच फोफावलं. टेक्ससमधला शेजारी ‘ॲक्सिस’ म्हणाला तर तो ताडोबातल्याच प्राण्याबद्दल बोलतोय.

भेकर म्हणजे ‘बार्किंग डिअर’ किंवा ‘मंटजॅक’. कुत्र्यासारखं ओरडतं म्हणून पहिलं नाव. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरामागच्या रानात मंटजॅक दिसतं तेव्हा त्याला भेकर आठवणं साहजिक आहे, पण ती मूळची चीनकडची वेगळी जात आहे. तिथे ‘इंडियन मंटजॅक’ लिहू नका.

सांबराचं इंग्रजी नाव ‘सांबर’च. गंमत अशी की इडलीबरोबरच्या सांबाराचं स्पेलिंगही इंग्रजीत बहुधा तेच असतं, आणि नागपूरकडे सांबार म्हटलं की कोथिंबीर! म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘सांबर डिअर’ लिहावं, नंतर नुसतं ‘सांबर’ पुरतं. जुन्या इंग्रजी लिखाणातला श्रीलंकेचा भाग वाचताना ‘एल्क’ शब्द आला तर थांबा. तिथले ब्रिटिश मळेवाले सांबरालाच एल्क म्हणत. हा एल्क शब्दच घोटाळ्याचा आहे. युरोपातला एल्क म्हणजे अमेरिकेतला मूस, आणि अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी नावाचं भलतंच मोठं हरीण. लेखक कुठला आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अनुवाद करू नये.

काळवीट ‘ब्लॅकबक’, चिंकारा ‘चिंकारा’ किंवा ‘इंडियन गझेल’, चौशिंगा ‘फोर-हॉर्न्ड अँटिलोप’. विदर्भातला रोही म्हणजे ‘नीलगाय’. तिला ‘ब्लू बुल’ असंही इंग्रजी नाव आहे, पण मी ते टाळतो, कारण मग मादीला ‘फीमेल ब्लू बुल’ म्हणायची पाळी येते. ‘ब्लॅकबक’चीही तीच तऱ्हा: नावात नर आहे, रंगही नराचाच, मादी मात्र फिकट तपकिरी. पण तिथे दुसरं रूढ नाव नाही, त्यामुळे ‘फीमेल ब्लॅकबक’ किंवा ‘ब्लॅकबक डो’ लिहावंच लागतं.

पायरी तिसरी: एक की अनेक, ते क्रियापदाला सांगू द्या

एक ‘डिअर’, दोन ‘डिअर’, पन्नास ‘डिअर’. शेवटी एस नाही. ‘डिअर्स’ हे रूप काही शब्दकोशांत कोपऱ्यात नोंदलेलं सापडतं, पण परीक्षेत, बातमीत किंवा माहितीफलकावर ते चूकच धरलं जाईल. आपण हरीणचं हरणं करतो, म्हणून हात आपोआप एसकडे जातो.

हा नियम हजार वर्षांहून जुना आहे. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी नामांच्या एका गटाला अनेकवचनाचा प्रत्यय लागतच नसे. ‘शीप’ आणि ‘डिअर’ त्याच गटातले. तेव्हा या शब्दाचा अर्थ कोणताही पशू असा होता. जर्मनमधला ‘टीअर’ आजही त्याच अर्थाने उभा आहे. आपल्या मृगाचंही नेमकं तेच झालं: शाखामृग म्हणजे माकड, मृगेंद्र म्हणजे सिंह, मृगया म्हणजे कुठलीही शिकार, आणि आज नुसतं मृग म्हटलं की हरीण.

व्यवहारात तीन गोष्टी सांभाळा.

मोजता येणारं नाम आहे, म्हणून ‘मेनी डिअर’, ‘अ फ्यू डिअर’. ‘मच डिअर’ नाही. एकवचनात आधी ‘अ’ किंवा ‘द’ हवाच. नुसतं ‘आय सॉ डिअर’ म्हटलं तर ऐकणारा अनेक हरणं धरतो.

वर्तमानकाळात क्रियापद संख्या सांगतं: ‘द डिअर इज ग्रेझिंग’, ‘द डिअर आर ग्रेझिंग’. पण भूतकाळात ‘द डिअर रॅन’ असं लिहिलंत की एक पळालं की वीस, कळायला मार्ग नाही. गोष्ट सांगताना ही अडचण हमखास येते. उपाय सोपा आहे, संख्या द्या किंवा कळप आणा: ‘द टू डिअर रॅन’, ‘द होल हर्ड रॅन’.

षष्ठीतही तीच भानगड. एकाचं आणि अनेकांचं रूप सारखंच, अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. संदिग्ध वाटलं तर वाक्य फिरवून ‘द अँटलर्स ऑफ बोथ डिअर’ असं करा.

चितळ आणि सांबर यांनाही भारतीय निसर्गलेखक सहसा एस लावत नाहीत: ‘अ हर्ड ऑफ चितळ’. ‘ब्लॅकबक’ दोन्ही रीतींनी दिसतं, ‘अँटिलोप’ही. एका लेखात एकच रीत ठेवा म्हणजे झालं. शिकारीच्या जुन्या पुस्तकांत ‘थ्री टायगर’ असं वाचलंत तर ती छपाईतली चूक नव्हे. शिकारी मंडळींना सगळ्याच सावजांची अनेकवचनं अशी बोडकी ठेवायची सवय होती. तुम्ही ती उचलू नका. वाघाला एस लावा.

पायरी चौथी: नर, मादी, पाडस

इथे इंग्रजी विनाकारण श्रीमंत आहे. मोठ्या हरणांच्या नराला ‘स्टॅग’, मादीला ‘हाइंड’. लहान आणि मध्यम हरणांच्या नराला ‘बक’, मादीला ‘डो’. मूस किंवा अमेरिकी एल्क यांच्यासारख्या धिप्पाड प्राण्यांना थेट गुरांचे शब्द लागतात: ‘बुल’, ‘काउ’, ‘काफ’. पाडसाला साधारणपणे ‘फॉन’. स्कॉटलंडच्या रेड डिअरच्या पाडसाला मात्र ‘काफ’ म्हणतात.

भारतीय प्राण्यांसाठी: सांबर आणि चितळ यांच्या नराला ‘स्टॅग’, मादीला ‘हाइंड’. चितळाच्या मादीला ‘डो’ म्हटलेलंही वाचायला मिळतं, त्यावर कुणी भांडणार नाही. काळविटाला ‘बक’ आणि ‘डो’. नीलगायीला ‘बुल’, ‘काउ’, ‘काफ’. शंका आली तर ‘मेल’ आणि ‘फीमेल’ लिहा. ते कधीच चुकत नाही, फक्त थोडं कोरडं वाटतं.

चरण्यालाही दोन शब्द आहेत. गवत खाणं ‘ग्रेझ’, झाडाझुडपांचा पाला आणि कोवळे शेंडे खाणं ‘ब्राउझ’. संगणकावरचं ब्राउझिंग याच पाला खुडण्यावरून आलं, इथलं एक पान, तिथलं एक.

पायरी पाचवी: स्पेलिंग

डी, डबल ई, आर म्हणजे हरीण. डी, ई, ए, आर म्हणजे प्रिय किंवा महाग. उच्चार अगदी सारखा, त्यामुळे बोलून लिहिणाऱ्या फोनवर आणि मुलांच्या निबंधात अदलाबदल होते, आणि शब्द दोन्ही बरोबर असल्याने स्पेलिंग तपासणारं यंत्र बरेचदा गप्प बसतं. रेनडिअरमधल्या ‘रेन’चा पावसाशी संबंध नाही, तो जुन्या नॉर्स भाषेतल्या त्या प्राण्याच्या नावातून आला आहे आणि त्याचं स्पेलिंग आर, ई, आय, एन असं होतं.

पायरी सहावी: मांस आणि कातडं

हरणाच्या मांसाला ‘व्हेनिसन’ म्हणतात. ‘डिअर मीट’ कळतं, पण पदार्थाच्या यादीत किंवा अनुवादात व्हेनिसनच हवं. दक्षिण आफ्रिकेत याच शब्दाने अँटिलोपचं मांसही ओळखलं जातं. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये ते कायदेशीररीत्या मिळतं, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हरणाची शिकार गुन्हा आहे. त्यामुळे भारतातल्या प्रसंगात हा शब्द आला तर तो स्वयंपाकघरापेक्षा पोलीस पंचनाम्यात जास्त शोभेल.

पोथ्यांमधल्या मृगाजिनाचं ‘डिअरस्किन’ करताना जरा थांबा. कृष्णाजिन म्हणजे काळविटाचं कातडं, तेव्हा ‘ब्लॅकबक स्किन’ किंवा ‘अँटिलोप स्किन’ नेमकं. उलट सारनाथच्या मृगदावाचं ‘डिअर पार्क’ हे रूप आता इतकं रुळलंय की ते बदलण्यात अर्थ नाही.

पायरी सातवी: हरीण नसलेली हरणं

आधी मराठीकडून इंग्रजीत जाऊ. मृगजळ ‘मिराज’. मृगनयनी ‘डो-आइड’, पण त्यात भोळेपणाची छटा अधिक, शृंगाराची कमी. मृगाचा पाऊस म्हणजे मृग नक्षत्रातला, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होणारा. त्याला ‘डिअर रेन’ म्हणू नका, ‘अर्ली जून रेन्स’ किंवा ‘फर्स्ट मॉन्सून शॉवर्स’ लिहा, आणि नक्षत्राचं नाव हवंच असेल तर मृग तसाच ठेवून पुढे एका वाक्यात तो समजावा. त्याच दिवसांत मातीतून निघणारा लालभडक मृगाचा किडा म्हणजे ‘रेड व्हेल्व्हेट माइट’. हरणटोळ तर साप आहे: ‘व्हाइन स्नेक’. यांत्रिक अनुवादाच्या हाती हे शब्द तपासल्याशिवाय सोडण्यात धोका आहे.

आता उलट. ‘लाइक अ डिअर इन द हेडलाइट्स’ म्हणजे प्रश्न समोर येताच गांगरून जागच्या जागी थिजणं. अंधाराला सरावलेले डोळे गाडीच्या दिव्यांनी दिपतात आणि हरीण रस्त्यातच उभं राहतं, त्यावरून हे आलं. ब्रिटनमध्ये हरणाच्या जागी ससा असतो. मराठीत करताना गाडी आणि दिवे आणायची गरज नाही. ‘भांबावून नुसताच बघत राहिला’ एवढं पुरतं.

‘बक’ म्हणजे डॉलर. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत हरणाची कातडी व्यापारात चलनासारखी वापरली जायची, त्याचा हा अवशेष. ‘पास द बक’मधला बक मात्र पत्त्यांच्या खेळातला: वाटायची पाळी कुणाची हे दाखवणारी खूण. अर्थ, जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. सरकारी कामकाजावरच्या बातम्यांत हा शब्द रोज भेटतो.

‘स्टॅग’ तर आपल्या शहरांत घरचाच झालाय. पुण्या-मुंबईतले पब, गोव्यातल्या नववर्षाच्या पार्ट्या, नवरात्रातले गरबा कार्यक्रम, सगळीकडे पाटी: ‘नो स्टॅग एंट्री’. म्हणजे जोडीदारीण बरोबर नसलेल्या पुरुषाला प्रवेश नाही. हा शब्द असा एकट्या पुरुषासाठी वापरणं आपल्याकडे इतकं पक्कं आहे की लंडनमध्येही तसंच चालेल असं वाटतं. तिथे ‘स्टॅग डू’ म्हणजे नवरदेवाने लग्नाआधी मित्रांबरोबर केलेली पार्टी, आणि ‘स्टॅग’ म्हटलं की तो नवरदेवच समजला जाईल. वाणिज्य शाखेच्या मुलांना आणखी एक स्टॅग माहीत असतो: नव्या शेअरविक्रीत अर्ज करून नोंदणी होताच नफ्यात विकून मोकळा होणारा. बुल आणि बेअर यांच्या रांगेतला हा तिसरा प्राणी. ‘स्टॅगफ्लेशन’मध्ये मात्र हरीण नाही, तो ‘स्टॅग्नेशन’ आणि ‘इन्फ्लेशन’ यांचा जोडशब्द आहे.

‘फॉन’ क्रियापद म्हणून आला तर तो पाडसाचा नातेवाईक नाही. पाडसाचा ‘फॉन’ फ्रेंचमधून आला आणि लाळघोटेपणाचा ‘फॉन’ जुन्या इंग्रजीतून. ‘फॉनिंग प्रेस’ म्हणजे पुढेपुढे करणारी माध्यमं.

पायरी आठवी: एक परिच्छेद करून बघा

हा मराठी मजकूर घ्या: ‘संध्याकाळी पाणवठ्यावर हरणांचा कळप आला. शिंगांवर मखमल असलेले दोन नर, बाकी माद्या आणि तीन पाडसं. तेवढ्यात भेकर ओरडलं आणि सगळी हरणं शेपट्या वर करून पळाली. पलीकडचा रोही मात्र हलला नाही.’

ताडोबातलं दृश्य आहे आणि अंगावर ठिपके आहेत, हे आपल्याला माहीत आहे असं धरू. मी असं करीन: ‘ॲट डस्क अ हर्ड ऑफ चितळ केम टू द वॉटरहोल: टू स्टॅग्ज इन व्हेल्व्हेट, द रेस्ट हाइंड्ज, अँड थ्री फॉन्स. देन अ बार्किंग डिअर कॉल्ड, अँड द होल हर्ड बोल्टेड, टेल्स अप. द नीलगाय बुल ऑन द फार साइड डिड नॉट मूव्ह.’

पहिल्याच वाक्यात चितळ म्हणून टाकल्यामुळे ‘डिअर’ची गरजच उरली नाही. स्टॅग, हाइंड आणि फॉन यांना एस लागतो, कारण ती साधी नामं आहेत. एस नाकारतो तो फक्त डिअर आणि त्याच्या चालीने जाणारं चितळ. ‘सगळी हरणं’चं ‘ऑल द डिअर’ केलं असतं तर ओरडणारं भेकरही त्यांच्याबरोबर पळालं की काय, अशी शंका आली असती, म्हणून ‘द होल हर्ड’. शेवटच्या वाक्यात ‘बुल’ जोडलं, कारण मराठीत रोही म्हणताच नर डोळ्यांपुढे येतो आणि इंग्रजीत नुसत्या ‘नीलगाय’ शब्दावरून तो कळत नाही. परदेशी वाचक असेल तर तिथेच ‘अ लार्ज अँटिलोप’ एवढी ओळख स्वल्पविरामांत बसवून द्या.